कोंबड्यांना डिंकाचे लाडू

चेन्नईत थंडी पडते यावर पहिली वीसेक वर्षं माझा विश्वास नव्हता. मी वाईकडचा. पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफा निघताना बघत लहानाचा मोठा झालेला माणूस. संरक्षण खात्याच्या कारखान्यातल्या नोकरीने मला इथे आणून सोडलं, तेव्हा डिसेंबरात माकडटोप्या घालून बसची वाट बघणारे सहकारी पाहून मी पोट धरून हसलो होतो. घरात पंखा चालू आणि रस्त्यावर कानाला मफलर. मी त्यांना सांगायचो, एकदा आमच्याकडे या, दात वाजतात म्हणजे काय ते ऐकवतो.

मग निवृत्त झालो, आणि त्याच डिसेंबरात एका सकाळी दूध आणायला निघताना बायकोकडे मफलर मागितला. तिने कपाटातून तो काढला, माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "झालात एकदाचे मद्रासी."

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढचं सगळं त्या मफलरातून निघालं. मला थंडी वाजते म्हणजे सगळ्या सृष्टीला वाजत असणार, असं मी ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं की मला कुणी थांबवू शकत नाही, ही माझी ख्याती कारखान्यातही होती. तिथे ती चांगल्या अर्थाने नव्हती.

आम्ही राहतो ते घर दुमजली. वर आम्ही दोघं, खाली घरमालकीण. बाई पंचाहत्तरीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. त्या मला 'सार' म्हणतात. साहेब या अर्थाने. पण त्यांच्या तोंडी तो शब्द साहेबापेक्षा खोडकर नातवासाठी असल्यासारखा वाटतो. घरामागे परस आहे, तिथे पेरूचं झाड, कपडे धुवायची शिळा, आणि अम्मांच्या चार गावठी कोंबड्या व एक कोंबडा. रात्री ही मंडळी पेरूवर चढून बसतात. अंडी घालायला मात्र जिन्याखाली पेंढा घातलेलं टोपलं. चौघींतली काळी ही अम्मांची विशेष लाडकी. अम्मांच्या मागोमाग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते, आत काय शिजतंय ते मान वाकडी करून बघते आणि पसंत नसेल तर परत फिरते.

अम्मांचा मुलगा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. तिकडेच सातव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. आईने आता एकटं राहू नये, आपल्याकडे यावं, म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. एका रविवारी आमच्या देखतच हा विषय निघाला. अम्मा शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घरात अंडं पडतंय तोवर माझं इथे काम आहे."

"आणि बंद झालं की?"

"बंद झालं की येईन."

मुलगा कारखान्यातला माणूस. बोललेला शब्द त्याने तिथल्या तिथे ठोकून पक्का केला. मला म्हणाला, "सार, तुम्ही साक्षीदार." मी रुबाबात मान हलवली. कशाला हलवली, हे मला अजून कळलेलं नाही.

मार्गळी लागता लागता, म्हणजे आपला धनुर्मास, अम्मांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पोंगलपर्यंत त्या मुलाकडे राहणार होत्या. जाताना कोंबड्या माझ्या हवाली केल्या. सकाळी मूठभर कण्या, संध्याकाळी कंबू, म्हणजे बाजरी, आणि भाजीची देठं. बाकी काही नको. हे 'बाकी काही नको' त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे नव्हे, माझ्या बायकोकडे बघितलं. रविवारी मुलगा घराकडे चक्कर मारायला येईल, त्याच्याबरोबर अंडी द्यायची. अंडी खाऊन डोळा लवकर बरा होतो असं त्यांचं म्हणणं होतं. खरं म्हणजे त्यांना दर आठवड्याला खात्री हवी होती.

पहिल्या रविवारी मी नऊ अंडी दिली. माझी छाती दोन इंच फुगली. तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती.

त्याच आठवड्यात मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. गुडघाभर बर्फात उभी असलेली एक गोरी बाई आपल्या कोंबड्यांसाठी गरमागरम लापशी करून नेत होती. थंडीत कोंबड्यांना घरचा खाऊ करून घालावा, म्हणजे त्यांना ऊब मिळते आणि त्या खूश राहतात, असा तिचा सूर. मी मफलर नीट केला. म्हटलं, हिला बिचारीला लापशीच माहीत. थंडीचा खाऊ म्हणजे काय ते आमच्या घराण्याने जगाला शिकवावं. बाजरी कोंबड्या खातातच. तिला तीळ जोडले, गूळ जोडला, डिंक तळून घातला, मेथ्या आणि सुंठ चिमूटभर, तर हे कोंबड्यांचं भाग्य नव्हे तर काय? डिंक बहिणीने दिवाळीनंतर वाईहून पाठवला होता. तो आमच्यासाठी होता, ही गोष्ट मी त्या क्षणी गौण मानली.

स्वयंपाकघर मी दुपारी ताब्यात घेतलं. बायको दारात येऊन उभी राहिली. कढईत डिंक फुलत होता, परातीत बाजरीचं पीठ, माझ्या कोपरापर्यंत गूळ. तिने सगळं नीट बघून घेतलं.

"अहो, माझ्या दोन बाळंतपणांत मिळून एवढे लाडू कुणी केले नव्हते."

मी म्हटलं, तेव्हा मला वेळ नव्हता.

"तेव्हा अर्धे तुम्ही खाल्ले होते," ती म्हणाली आणि गेली.

पाक जरा पुढे गेला. 'जरा' हा शब्द मी स्वतःच्या बाजूने वापरतो आहे. लाडू वळले तेव्हा ठीक होते, गार झाल्यावर त्यांचा आवाज यायला लागला. मी एक लाडू परसात नेऊन मोठ्या मानाने टाकला. कोंबड्या जमल्या. काळीने चोच मारली, ती खट्‌कन वाजली, आणि लाडू घरंगळत निघाला. पुढे लाडू, मागे चार कोंबड्या आणि त्यांच्या मागे कोंबडा, असा तो सामना शिळेपासून गेटपर्यंत चालला. शेवटी लाडू गटारात गेला. कोंबडा काठावर उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला.

मी हार मानणारा नव्हे. दुसऱ्या घाण्याला पाक कच्चा ठेवला, वर चमचाभर तूप सोडलं, लाडू कुस्करून दिले. आता मात्र त्यांना चव लागली. चारच दिवसांत अशी वेळ आली की मी जिना उतरायला लागलो की पाचही जण पंख पसरून धावत यायचे, आणि मी परत चढायला लागलो की मागोमाग तिसऱ्या पायरीपर्यंत. कण्यांकडे कुणी ढुंकून बघेना. आयुष्यात माझं इतकं स्वागत कुठेच झालेलं नाही. साखरपुड्यातसुद्धा नाही.

त्या भरात मी पुढचं पाऊल टाकलं. पोटातून ऊब झाली, आता बाहेरून. जिन्याखालच्या टोपल्यात जुन्या गोधडीची घडी घातली आणि वरच्या खिळ्याला साठचा बल्ब टांगला. संध्याकाळी तो पिवळा प्रकाश पेंढ्यावर पडला तेव्हा मला इतकं छान वाटलं की मी बायकोला खाली बोलावलं. ती हात लावून म्हणाली, "इथे पापड भाजतील."

दुसऱ्या रविवारी दोन अंडी होती. मुलाने दोन्ही अंडी तळहातावर ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थंडी आहे. तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घामाघूम होऊन आला होता.

मी उपाय दुप्पट केला. लाडू सकाळ-संध्याकाळ. बल्ब दिवसभर. त्याचा परिणाम असा झाला की परसात पाय ठेवायला जागा उरली नाही. गूळ कोंबडीच्या पोटाला मानवत नाही, हे मला रोज बादल्या ओतून कळायला लागलं. टोपलं मात्र रिकामं. मी दिवसातून दहा वेळा वाकून बघायचो. पेंढा, गोधडी, बल्ब आणि वाकलेला मी. एवढंच.

आणि मग शुक्रवारी संध्याकाळी पेरूवर मोजले तर चारच. काळी नव्हती.

मी शेजारच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, फुलवालीला विचारलं. इस्त्रीवाला म्हणाला, या बाजूला एक बोका फिरतो. मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. लाडवांनी जड झालेली कोंबडी बोक्याला बघून पळणार तरी कशी? तिला खाऊ-पिऊ घालून तयार करून मीच ताटात वाढली होती.

बायको म्हणाली, अम्मांना फोन करा. मी म्हटलं, एका डोळ्यावर पट्टी आहे, आत्ता कशाला त्रास. ती म्हणाली, त्रास त्यांना की तुम्हाला? मी पिशवी घेऊन बाजारात गेलो.

बाजारातून सहा गावठी अंडी आणली. माझ्या धूर्तपणाची हद्द सांगतो: घरी येऊन मी त्यांना किंचित माती चोळली आणि एकाला पेंढ्याची काडी चिकटवली. तिसऱ्या रविवारी ती अंडी मुलाच्या हातात ठेवली आणि हवापाण्यावर बोललो. संध्याकाळी अम्मांचा फोन आला.

"सार, ही अंडी कुठली?"

मी म्हटलं, आपलीच.

"पट्टी माझ्या डोळ्यावर आहे. हाताला नाही."

पलीकडे सातव्या मजल्यावरचा वारा ऐकू येत होता. मग त्या हळू आवाजात बोलल्या, रागाने नव्हे, आणि तेच मला जास्त लागलं.

"कोंबड्या देत नसतील तर देत नाहीत म्हणा. मुलाला मी शब्द दिलाय. बाजारातल्या अंड्यांवर मला माझ्या घरात राहायचं नाही."

मग मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, डिंक, पहिला घाणा, दुसरा घाणा, गोधडी. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये डिंकाला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी 'झाडातून निघतो तो गोंद' असं सांगितलं.

"तुम्ही माझ्या कोंबड्यांना गोंद खायला घातला?"

मी खुलासा केला. त्यांनी विचारलं, तूपही घातलं का? थोडंसं. आणि बल्ब कितीचा? साठचा. यावर त्यांना हसू आलं असावं, कारण फोन कुणीतरी दुसऱ्या हातात घेतल्यासारखा खरखरला. मग त्यांनी मला समजावलं. मार्गळीत दिवस लहान; कोंबडी तशीही कमी देते. त्यात मी तिला चरबी चढवली आणि तिच्या बाळंतिणीच्या खोलीत चूल पेटवली. ही वाई नव्हे. उद्यापासून कण्या आणि कंबू, बल्ब बंद. एवढं सांगून शेवटी, फोन ठेवता ठेवता, "काळी कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं.

सगळा कबुलीजबाब देऊन झाल्यावर मागे ठेवलेलं ते एक खोटं दहा दिवस माझ्या पोटात पहिल्या घाण्यातल्या लाडवासारखं पडून होतं.

मी बल्ब काढला. गोधडीची इतकी चीड आली की ती टोपल्यातून ओढून भोगीच्या ढिगावर लांबूनच भिरकावली. हा ढीग म्हणजे अम्मांनी जाण्यापूर्वी शिळेमागे रचून ठेवलेलं घरातलं मोडकंतोडकं: ताडाच्या पानांच्या फाटक्या चटया, तुटकं सूप, झिजलेले झाडू. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, इथे पहाटे जुनं सामान दारात जाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. न खाई भोगी तो सदा रोगी. आपण भोगी खातो, हे लोक पेटवतात. यात कोण जास्त शहाणं, हा वाद मी वीस वर्षं घातला आहे. त्या वर्षी नाही घातला.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा अम्मांना घेऊन आला. काळा चष्मा लावलेल्या अम्मा दमलेल्या होत्या. अंधार पडला होता, मंडळी पेरूवर बसली होती. अम्मा म्हणाल्या, सकाळी बघते. मुलगा जिन्यात मला भेटला आणि जरा ओशाळून म्हणाला, पोंगल झाला की अम्मांना घेऊनच जाईन, शब्द म्हणजे शब्द. कोंबड्या गावाकडे मामाकडे पाठवू. त्याच्या आवाजात विजय वगैरे नव्हता. त्यालाही आई कोंबड्यांशिवाय कशी दिसेल हे कळत होतं.

सकाळी, उजाडता उजाडता, गल्लीत पोरांचे ढोल वाजायला लागले. धूर यायला लागला. अम्मा परसात खुर्चीवर बसून कण्या टाकत 'बा बा बा' करत होत्या. तीन कोंबड्या आल्या, कोंबडा आला. अम्मांनी मान वळवली. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण त्या उंबऱ्याकडे बघत होत्या हे मला कळलं.

मी पुढे झालो. "अम्मा, काळी नाहीये. बारा दिवस झाले. बोक्याने नेली असावी. फोनवर मी खोटं बोललो."

हातातल्या कण्या अम्मांनी परत वाटीत टाकल्या. मुलगा दाराशी काड्यापेटी घेऊन उभा होता, तो खाली बघायला लागला. माझी बायको जिन्यावर होती. ती खाली आली आणि अम्मांच्या खुर्चीमागे उभी राहिली, माझ्या बाजूला नाही. मला तिथे उभं राहवेना. काहीतरी करावं म्हणून मी भोगीचा ढीग उचलायला गेलो. वरची गोधडी बाजूला फेकली, चटया दोन्ही हातांनी धरल्या आणि ओढल्या.

आतून कुर्रर्र असा आवाज आला आणि माझ्या मनगटावर सणसणीत चोच बसली.

तुटक्या सुपात, चटईच्या छपराखाली, अंग फुगवून काळी बसली होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही. थोडी वाळली होती, पण जिवंत, खडखडीत आणि संतापलेली. दिवसातून एकदा, माझ्या वामकुक्षीच्या वेळी, खाली उतरून दाणापाणी करून जात असणार. पापड भाजणारं टोपलं सोडून चौघींनी हे गार अंधारं घर शोधलं होतं, आणि मी तीन आठवडे जिन्याखाली वाकून बघत होतो. शिवाय वर गोधडी टाकून मीच ते आणखी बंदोबस्तात ठेवलं होतं.

अम्मा उठल्या. मुलाने हात दिला तो त्यांनी घेतला नाही. ढिगापाशी बसून त्यांनी काळीच्या पोटाखाली हात सरकवला. तिने कुरकुर केली, पण चोच मारली नाही. अम्मांनी एक अंडं काढलं, मुलाच्या फोनचा दिवा मागितला आणि मुठीची कडी करून त्या उजेडावर अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि एक काळा ठिपका. त्यांनी ते मुलाला दाखवलं, मग माझ्या बायकोला. मला शेवटी.

मुलगा मोजत होता. चौदा.

"अंडं पडतंय की नाही?" अम्मांनी विचारलं.

"पडलंय," तो म्हणाला. "पण आता पिल्लं निघतील, अम्मा. अंडी कुठे राहिली?"

"मग पिल्लांना कोण बघेल?"

मुलाने आजूबाजूला बघितलं. बिचाऱ्याला दुसरं कुणी दिसलं नाही. "सार आहेत ना," तो म्हणाला.

अम्मांनी काळा चष्मा माझ्या दिशेने वळवला. गल्लीतले ढोल जरा थांबले होते.

"सार लाडू घालतील," त्या म्हणाल्या.

मुलाने काड्यापेटी खिशात टाकली, आणि तिच्याबरोबर अम्मांना नेण्याचा विषयही. मी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकायचा प्रयत्न केला. एखाद्याला नुसत्या माझ्या असण्याने जिंकून दिलेला हा एकच.

त्या वर्षी आमच्या दारात भोगीला फक्त दोन झाडू जळले. बायकोने तीळ लावलेल्या भाकऱ्या भाजल्या, भाजी केली, आणि खाली सगळे एकत्र जेवलो. अम्मांनी भाकरीचा, तीळ नसलेला, तुकडा मोडून काळीपुढे ठेवला. कोरडी बाजरी चालते, म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, हे मी देतेय, तुम्ही नाही.

पहिल्या घाण्यातले लाडू डब्यात शिल्लक होतेच. दुपारी कॉफीबरोबर अम्मांनी त्यातला एक मागून घेतला. माझी बायको घाईघाईने म्हणाली, अम्मा, दातांना त्रास होईल. अम्मांनी लाडू हातात तोलला, एकदा खुर्चीच्या दांडीवर वाजवून बघितला, आणि कॉफीत बुडवून ठेवला. कॉफी संपली तरी तो फुटला नव्हता. तेव्हा त्यांनी तो पदराला बांधला आणि म्हणाल्या, असू दे, बोका आला तर फेकून मारायला होईल.